लोचच्या अंगावर हलवा

आधीच सांगते, मासे पाळायची हौस माझी नाही, भाच्याची. तो इंदूरला आमच्याकडे राहून शिकत होता तेव्हा त्याने हॉलमध्ये तीन फुटांची टाकी मांडली, मग नोकरी लागली पुण्याला, बॅगा भरल्या, आणि टाकी काही ट्रेनमधून नेता येत नाही म्हणून ती आली माझ्या गळ्यात. "मावशी, काही करायचं नाहीये गं, दोनदा चिमूटभर खाणं टाक आणि आठवड्याला थोडं पाणी बदल, बस्स." त्या 'बस्स'वर मी विश्वास ठेवला.

टाकीत तेव्हा दोन एंजल, आठ निऑन टेट्रा, काळ्या मॉलीची एक जोडी आणि एक सकर, जो दिवसभर काचेला तोंड लावून पडलेला असतो. आणि गोगलगायी. त्या कुणी आणल्या नव्हत्या, झाडांबरोबर आल्या होत्या म्हणे, शंकूसारख्या बारक्या, दिवसा वाळूत दडून बसायच्या आणि रात्री लाइट लावला की काचेवर शेकड्याने. सासूबाईंना ते बघून शिसारी यायची. म्हणून डिसेंबरपासून माझं डोकं गोगलगायींच्या मागे लागलं होतं आणि दुकानदार म्हणाला, "मॅडम, दो क्लाउन लोच डाल दो, सब चट कर जाएंगे." संक्रांतीच्या आधीचा रविवार होता, आम्ही पोहे-जिलबी खाऊन परत येताना दोन लोच पिशवीत घालून आणले. केशरी अंग, त्यावर तीन काळे पट्टे, बोटाएवढे. दिसायला इतके गोड की ते मोठे होऊन फूटभर होतात आणि त्यांना चार-पाच जणांच्या घोळक्यातच बरं वाटतं हे विचारायचं डोक्यातच आलं नाही. पिशवी पंधरा मिनिटं टाकीत तरंगवली आणि पिशवीतल्या पाण्यासकट दोघांना सोडून दिलं. ह्या एका वाक्यात किती गाढवपणा आहे ते मला नंतर कळलं.

त्यात थंडी. माळव्यातली जानेवारीतली रात्र म्हणजे पारा आठ-नऊवर, आमच्या राजेंद्र नगरच्या घरात फरशी अशी गार की मोजे घालून हिंडावं लागतं. टाकीत 100 वॉटचा एक काचेचा हीटर होता, त्याच्या बटणावर 28 लिहिलेलं, आणि मी समजत होते पाणी 28 आहे. काचेला बाहेरून चिकटवायची ती रंगीत पट्टी होती ती काय दाखवायची देव जाणे, पट्टीवर खोलीतली थंडी पण येते आणि आतलं पाणी पण. आणि रविवारी लोच यायच्या आधी मी पाणीही बदललं होतं, गच्चीवरच्या ड्रममधलं, हात घातला तर बोटं आखडतील असं. तीन बादल्या तशाच ओतल्या. माशाला अंगावर शाल घेता येत नाही, हे आपल्याला सुचायला नको का.

मंगळवारी लोच दगडावर अंग घासायला लागले. झप्पकन यायचे, कुशीवर आडवे व्हायचे, दगडाला अंग घासून निघून जायचे. मला वाटलं खेळतायत. मुलाने व्हिडिओ पण काढला.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी सासूबाई देवाला तिळगूळ दाखवून हॉलमध्ये आल्या, टाकीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, ह्या लोचला हलव्याचे दागिने कुणी घातले?" मी हसत हसत गेले आणि हसू तिथेच थांबलं. काळ्या पट्ट्यांवर पांढरे शुभ्र दाणे. शेपटीवर, कल्ल्याजवळ, पाठीवरच्या पंखावर. काटेरी हलव्याचा अगदी बारका दाणा असतो ना तसे, किंचित वर आलेले, वेगवेगळे. बाहेर पोरं गिल्ली-डंडा खेळत होती, घरात गूळपोळीचं पुरण तसंच राहिलं आणि मी मोबाइलची बॅटरी घेऊन दाणे मोजत बसले. मोठ्या लोचवर एका बाजूला एकतीस.

दुकानात गेले. तो म्हणाला व्हाइट स्पॉट है, सर्दी में होता है, आणि एक निळी बाटली दिली, मिथिलीन ब्लू, "एक ढक्कन डालो, चार दिन में साफ." मी घरी दहावीची गणिताची ट्यूशन घेते, घनफळावर दर वर्षी पोरांचं डोकं खाते, आणि स्वतःच्या टाकीत किती लिटर पाणी आहे हे न काढता मी एक टोपण ओतलं. मग वाटलं टाकी मोठी आहे, अजून एक. पाणी शाईसारखं झालं, कोपऱ्यांतलं पांढरं सिलिकॉन निळं पडलं, ते आजही निळंच आहे. फिल्टरचा स्पंज पण घाण दिसत होता म्हणून तो नळाखाली चोळून चोळून धुतला, त्या दिवशी नर्मदा, म्हणजे नळाचं पाणी, आली होती, क्लोरिनचा वास येत होता. म्हणजे फिल्टरमधले जे उपयोगी जिवाणू असतात, माशांच्या घाणीतला अमोनिया खाणारे, त्यांना मी वरून क्लोरिन पाजलं आणि आतून मिथिलीन ब्लू.

पण चौथ्या दिवशी काय झालं, ठिपके गेले! खरंच गेले. लोच स्वच्छ, पट्टे चकाचक. मी भाच्याला फोटो पाठवला, दुकानदाराला मनातल्या मनात नमस्कार केला आणि निळं पाणी काढायला बसले. अर्धी टाकी उपसली. हीटर बंद करायचं राहिलं. पाणी खाली गेलं तसा हीटर वरून उघडा पडला, आतली तार लाल, काच तापत होती, आणि मी आपली वरून ड्रमचं गार पाणी ओतलं. टक्. एवढाच आवाज, सुपारी फुटल्यासारखा. काचेवर वरपासून खालपर्यंत बारीक चीर. माझा एक हात पाण्यात होता. नशीब की हे समोर बसले होते आणि त्यांनी उठून आधी प्लग काढला, मला ओरडले ते नंतर. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे, टाकीत हात घालायच्या आधी हीटरचा प्लग काढून टेबलावर दिसेल असा ठेवायचा, आणि काढल्यावर पण दहा मिनिटं थांबायचं, कारण काच तापलेलीच असते.

त्या रात्री टाकी हीटरशिवाय राहिली, गोधडी गुंडाळून. दुसऱ्या दिवशी नवीन आणला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही एंजलवर ठिपके. निऑनवर. मॉलीवर, काळ्या अंगावर तर दहीभातावर साखर सांडल्यासारखे, नाही, उलट, तव्यावर मीठ सांडल्यासारखे. लोचवर मोजायच्या पलीकडे. आणि पाणी दुधाळ, मासे वर येऊन तोंड उघडत होते. टेस्ट किटमधल्या अमोनियाच्या नळीत पिवळा रंग यायला हवा तिथे हिरवागार. दुपारपर्यंत एक निऑन मेला.

इथे आमच्या कॉलनीतल्या बाई मदतीला आल्या, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या, त्यांच्याकडे घरी जुना मायक्रोस्कोप आहे. मेलेला निऑन वाटीत घेऊन मी लगेच त्यांच्याकडे गेले (त्या म्हणाल्या बरं केलं, मासा मेला की हे प्राणी अंग सोडून निघून जातात, उशीर केला असता तर काही सापडलं नसतं). त्यांनी ब्लेडच्या मागच्या बाजूने अंगावरचा चिकटा हलकेच खरवडला, काचपट्टीवर एक थेंब पाणी, वर पातळ काच. "बघा." मी डोळा लावला, आधी नुसत्या माझ्याच पापण्या दिसल्या. मग एक गोल. मोठा, करडा, आणि तो फिरत होता. हळूहळू, जागच्या जागी लोळत, जत्रेतला पाळणा सुटायच्या आधी जसा रेंगाळत फिरतो तसा. कडेला सगळीकडून बारीक केसांची थरथर. आणि आत एक स्पष्ट घोड्याची नाल. "ते त्याचं केंद्रक, ह्याच नालेवरून ओळखायचा," बाई म्हणाल्या. एकाच पेशीचा प्राणी, पण पूर्ण वाढला की एक मिलिमीटरपर्यंत जातो म्हणून तर आपल्याला नुसत्या डोळ्यांनी ठिपका दिसतो. नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं, इक्थिऑफ्थिरिअस मल्टिफिलिस. फुके नावाच्या फ्रेंच माणसाने 1876 मध्ये ठेवलेलं. पहिल्या शब्दाचा अर्थ माशाची ऊ आणि दुसऱ्याचा पुष्कळ लेकरांची. मी म्हटलं वा, बारशाला आत्याबाई हुशार होत्या.

लेकरांचा हिशोब त्या बाईंनी आणि रात्री फोनवर भाच्याने, दोघांनी मिळून माझ्या डोक्यात घातला, आणि तो कळला नसता तर मी अजून निळ्या बाटल्याच विकत घेत बसले असते. आपल्याला जो पांढरा ठिपका दिसतो तो प्राणी माशाच्या कातडीच्या आत असतो, कातडीचाच पातळ पडदा वर ओढून बसलेला, तिथे त्याला कुठलंच औषध लागत नाही. म्हणजे आपण ठिपक्याकडे बघून औषध टाकतो आणि ठिपका मजेत. तो पोटभर खातो, पिकतो आणि आपणहून गळून पडतो. मासा स्वच्छ दिसतो. आपण भाच्याला फोटो पाठवतो! आणि तो तिकडे वाळूत, झाडाच्या पानावर, काचेवर जाऊन चिकटतो, भोवती एक कवच करतो आणि आत दोनाचे चार, चाराचे आठ. एकाची शेकडो पिल्लं, हजारापर्यंत सुद्धा. कवचातही औषध पोचत नाही. मग कवच फुटतं, पिल्लं पोहत बाहेर पडतात आणि मासा शोधतात, आणि दीड-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध, मीठ, जे काही असेल ते फक्त ह्या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं, बाकी कुणाला नाही.

मी वहीत मांडलं. एका लोचवर एका बाजूला 31, दोन्ही बाजू आणि दोन लोच धरले तर सव्वाशेच्या आसपास. प्रत्येकाची नुसती पाचशे धरली तरी साठ हजारांच्या वर. आणि मी चौथ्या दिवशी, म्हणजे ते सगळे वाळूत कवच करून बसले असताना, औषध उपसून फेकलं.

"मावशी, तू ठिपके मोजू नको, दिवस मोज," भाचा म्हणाला. हे सगळं चक्र पाण्याच्या तापमानावर चालतं. 25 डिग्रीला साधारण आठवड्यात पूर्ण होतं, 10 डिग्रीला महिन्याहून जास्त लागतो. म्हणून पाणी गरम करायचं, एक तर सगळे लवकर लवकर बाहेर पडतात आणि 30 डिग्रीला बहुतेक जातींची पुढची वाढच होत नाही. बहुतेक, सगळ्यांची नाही, उष्णता सोसणारे पण असतात, तेव्हा नुसत्या हीटरवर विसंबायचं नाही.

औषधाचं पण बोलणं झालं. मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मेलिनचं तयार मिश्रण मिळतं, ह्या रोगावर ते चांगलंच चालतं, पण लोचच्या अंगावर खवले अगदी बारीक, नसल्यासारखेच, त्यांना ते सोसत नाही, द्यायचंच तर अर्ध्या मात्रेने. शिवाय मॅलाकाइट ग्रीन विषारी, खायच्या माशांत वापरू देत नाहीत, आणि फॉर्मेलिनचा वास हॉलमध्ये, जिथे सासूबाई दिवसभर बसतात. मी ठरवलं आधी मीठ आणि उष्णता, पाच दिवसांत उतार नाही पडला तर बाटली. हे माझं, लोच होते म्हणून. नुसते गप्पी-मॉली असते तर कदाचित मी सरळ औषध घेतलं असतं, लवकर सुटले असते.

आता गणित केलं, नीट. टाकी 36 इंच लांब, 12 रुंद, 15 उंच, आत भरलं तर 106 लिटर. पण वरून दोन इंच रिकामी, खाली वाळू-दगड, ते वजा जाता 85. दुकानदार आख्ख्या टाकीचा अंदाज सांगतो आणि आपण तेवढा डोस घालतो, म्हणजे पाव भाग जास्तच. लिटरला 2 ग्रॅम मीठ म्हणजे 170 ग्रॅम. साधं जाडं खडे मीठ आणलं, स्वयंपाकाच्या काट्यावर तोललं. (आयोडीनवाल्या मिठाने मासे मरतात असं पुष्कळ जण छातीठोक सांगतात, मला ती भीती फुगवलेली वाटते, आयोडीन त्यात नावालाच असतं, पण खडे मीठ घरात होतंच.) एकदम नाही टाकायचं, तीन भाग केले, दीड दिवसात, प्रत्येक वेळी मगभर टाकीच्याच पाण्यात विरघळवून फिल्टरच्या धारेजवळ सोडलं. खडे तसेच वाळूत पडले तर लोच नेमके त्यावर जाऊन बसतात.

तापमान वाढवायला 100 वॉटचे दोन हीटर लागले, दोन टोकांना एक एक. एकट्याने आमच्या हॉलमध्ये 24 च्या पुढे काटा हलेना. काचेचं तरंगतं थर्मामीटर आणलं, चाळीस रुपयांचं, आणि ह्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी वस्तू तीच. तिथे कळलं की रविवारी गार पाणी ओतलं तेव्हा टाकी विशीच्याही खाली गेली असणार. एका वेळी एकच डिग्री, मधे चार-पाच तास, दोन दिवसांनी तीस. वरती हवेचा जास्तीचा पंप लावला कारण पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, 25 ला लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, 30 ला साडेसात, आणि ठिपके कल्ल्यांत पण असतात जे आपल्याला दिसत नाहीत, मासा आधीच धापा टाकत असतो. फिल्टरमधून कोळसा काढून ठेवला, बाटली वापरायची वेळ आली तर कोळसा औषध शोषून घेतो म्हणून.

आणि पहिले दोन दिवस ठिपके वाढले. भाच्याने आधीच सांगितलं होतं की गरम केल्यावर वाढलेले दिसतील, लवकर पिकतात म्हणून, पण सांगणं वेगळं आणि दिसणं वेगळं. एंजलचे पंख आख्खे पिठात घोळल्यासारखे. रात्री दोन वाजता उठून मी बॅटरी मारायची आणि हे पांघरुणातून म्हणायचे, अगं झोपू दे त्यांना. आणखी दोन निऑन गेले. ते ठिपक्यांनी गेले का तीस डिग्रीने, सांगता येत नाही, निऑनना गार पाणीच मानवतं, पंचविशीच्या आतलं. वेगळी टाकी असती तर त्यांना वेगळं ठेवलं असतं, नव्हती. त्या तिघांचं मला अजून वाईट वाटतं, ते तर बिचारे आधीपासून घरचे.

रोजचं काम म्हणजे वाळू उपसणं. कवचं वाळूत असतात म्हणून नळी वाळूत खुपसून खालचा गाळ ओढायचा, रोज 20 लिटर. आता अडचण अशी की आमच्याकडे नर्मदा एक दिवसाआड येते. बोअरचं पाणी आहे पण ते इतकं जड की कपबशीवर पांढरा थर धरतं, आजारात माशांना एकदम पाणी बदललेलं नको. म्हणून नर्मदेच्या दिवशी दोन दिवसांचं भरून ठेवायचं, क्लोरिन उडायला उघडं ठेवायचं, वरून क्लोरिन घालवणाऱ्या द्रावणाचे दोन थेंब, मग सकाळी गीझरचं पाणी मिसळून मिसळून तीसला आणायचं, थर्मामीटर बादलीत. जलूदहून सत्तर किलोमीटरवरून पंपाने चढवून आणलेलं पाणी, आणि मी ते रोज वीस लिटर ओतून देतेय, मलाच कसंसं व्हायचं. सासूबाई एरवी टाकीचं काढलेलं पाणी तुळशीला घालतात, जोमाने वाढते. त्या दिवशी पण तांब्या बुडवायला आल्या, मी ओरडलेच, "आई, नको, मीठ आहे त्यात!" त्या म्हणाल्या, "मग समुद्राचं म्हणून पायांना घेते, गुडघ्यांना बरं." घेतलं पण. मी मनात म्हटलं घ्या, औषध नव्हतं टाकलं ते बरं झालं.

मिठाचा हिशोब पण सांगते कारण इथे पुष्कळ जण चुकतात आणि मी पण पहिल्या दिवशी चुकले. जेवढं पाणी काढलं तेवढ्याचंच मीठ परत घालायचं, 20 लिटर म्हणजे 40 ग्रॅम. आणि वाफ होऊन जे कमी झालं, तीस डिग्रीला आणि हिवाळ्याच्या कोरड्या हवेत रोज बोटभर कमी व्हायचं, त्याची भर साध्या पाण्याने. मीठ उडून जात नाही, पाणीच जातं. मी पहिल्या दिवशी भरीच्या पाण्यात पण मीठ घातलं होतं, रोज तसं केलं असतं तर आठवड्यात लोणचंच घातलं असतं सगळ्यांचं.

पाचव्या दिवशी शेवटचा ठिपका दिसला, लहान एंजलच्या शेपटीवर. सहाव्या दिवशी काही नाही. सातव्या दिवशी मुलगा म्हणाला, आई, झालं ना आता? आणि मला पण वाटलं झालं. अमोनिया उतरला होता, पिवळा रंग, मॉली खायला मागत होती, बिल विजेचं काय येईल ह्याची धास्ती होती. हात प्लगपर्यंत गेला होता खरा. पण मग वहीतले साठ हजार आठवले. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर शेवटच्या ठिपक्यापासून पुढे दहा चौकोन आखले, रोज एक काट, आणि ते दहा दिवस सगळं तसंच, तीस डिग्री, मीठ, नळी, बादल्या. काहीच दिसत नसताना बादल्या उचलणं फार कंटाळवाणं असतं हो, आजार समोर दिसत असताना अंगात बळ येतं. ट्यूशनची पोरं विचारायची, मॅडम मासे बरे आहेत तरी रोज कशाला? मी त्यांना चक्रवाढ व्याजाचं गणित घालायची.

अकराव्या दिवसापासून रोज एक डिग्री खाली, सव्वीसला आणून थांबवलं. मीठ पाणी बदलण्यातूनच हळूहळू गेलं, फक्त परत घालायचं बंद केलं. कॅबोम्बाची पानं मिठाने गळून पडली, नुसत्या काड्या उरल्या होत्या त्या उपटल्या. सकर तसाच काचेला. एकूण गेले तीन निऑन, एक हीटर, सिलिकॉनचा रंग आणि विजेचं बिल जे मी ह्यांना दाखवलंच नाही.

आणि गोगलगायी? एक पण मेली नाही. शाईत नाही, मिठात नाही, तीस डिग्रीत नाही. उलट वाढल्या असतील, लोच आजारी असताना खात नव्हते ना. सासूबाई रोज संध्याकाळी काच बघून म्हणायच्या, ज्यांना घालवायचं होतं त्या तर बसल्यात.

आता घरात एक वीस लिटरची छोटी टाकी आहे, जुनी, कॉलनीतल्या एकांनी फुकट दिली. नवीन काहीही आलं, मासा असो का झाडाची काडी, आधी तीन आठवडे तिथे, स्वतंत्र जाळी, स्वतंत्र मग, पिशवीतलं पाणी गटारात. मार्चमध्ये त्यातूनच अजून तीन लोच आले, पाच झाले. मुलाने आधीच बजावून ठेवलंय की हे मोठे झाले की आपल्याला पाच फुटांची टाकी लागेल, मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

तर मार्चमधल्याच एका रात्रीची गोष्ट, लाइट बंद करून मी किचनमधलं आवरत होते आणि हॉलमधून आवाज आला, टक्. सुपारी फुटल्यासारखा. माझ्या छातीत धस्स झालं. ओला हात तसाच, धावत जाऊन आधी प्लग खेचला, मग बॅटरी मारली. पहिला हीटर बघितला, चीर नाही. दुसरा बघितला, नाही. परत टक्. आणि मग अजून एक, टक् टक्. खाली वाळूत पाचही लोच डोकी खाली करून एकमेकांना ढोसत होते आणि मोठ्याच्या तोंडात गोगलगायीचा शंकू. लोच खाताना खूश झाले की असा आवाज काढतात हे भाच्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, त्या रात्री मला ते माहीत नव्हतं, मी आपली अंधारात प्लग हातात धरून उभी. सासूबाई आतून म्हणाल्या, "काय फुटलं गं?"

"काही नाही आई, जेवतायत," मी म्हटलं आणि प्लग परत लावला.